नात्यातली कंपनी आणि पदरची जोखीम

धारवाडहून बेळगावच्या वाटेला लागले की महामार्गालगत बेलूर नावाचे गाव लागते. होयसळांच्या शिल्पवैभवाने जगाला ठाऊक झालेले बेलूर ते हे नव्हे; ते दूर हासन जिल्ह्यात. धारवाडच्या बेलुरात कोरीव खांब पाहावयास कोणी येत नाही. येथे आहे ती कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची वसाहत. पत्र्याची छपरे, यंत्रांचा खडखडाट आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान उद्योगांचा संसार. १९६६ च्या कायद्याने या मंडळाचा जन्म झाला आणि शेतजमिनींचे भूखंड पाडून ते उद्योगांना देण्याची रीत कर्नाटकात रुळली.

अशा वसाहतीतल्या लहान कारखान्याची जन्मकथा बहुधा घरातच सुरू होते. भाचा इंजिनिअर झालेला असतो, त्याच्याजवळ कसब असते, उमेद असते. नसते ती पत. मग मामा पुढे होतो. एका कागदावर तो भागधारक म्हणून सही करतो, दुसऱ्यावर संचालक म्हणून, आणि बँकेच्या टेबलावर ठेवलेल्या तिसऱ्या कागदावर जामीनदार म्हणून. तिन्ही सह्या एकाच हाताच्या, बहुधा एकाच आठवड्यातल्या. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या माणसांच्या सह्या होत. पहिलीची जोखीम ठरलेल्या रकमेपुरती, दुसरीची वर्तनावर अवलंबून, आणि तिसरीची घरादारापर्यंत पोहोचणारी. हा भेद कसा उत्पन्न झाला, त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. आणि त्या इतिहासाचा एक मोठा भाग याच मुलखात घडलेला आहे.

धारवाडचा प्रदेश एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत असे. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सहाव्या विक्रमादित्याने तेथे १०७६ पासून अर्धशतक राज्य केले आणि त्याच्याच आश्रयाला राहून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बंगाल वगळता भारताच्या बहुतेक भागांत पुढे आठ-नऊ शतके हिंदू कुटुंबाचे वारसाहक्क, वाटण्या आणि देणी या ग्रंथाच्या आधारे ठरत आली. इंग्रज न्यायाधीशांनीही हाच ग्रंथ प्रमाण मानला.

याज्ञवल्क्याने जामीनकीला ‘प्रातिभाव्य’ म्हटले आहे आणि तिच्याविषयी एक नियम सांगितला आहे. अविभक्त भावांनी एकमेकांसाठी, पतीने पत्नीसाठी वा पत्नीने पतीसाठी, बापाने मुलासाठी वा मुलाने बापासाठी जामीन राहू नये. त्यांनी आपसांत कर्जाचा व्यवहारही करू नये. आजच्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याला हा नियम वाचून दाखविला तर तो हसेल, कारण तो नेमके ह्याच नात्यांतले जामीनदार मागत असतो. परंतु नियमामागील विचार पक्का होता. अविभक्त कुटुंबाचे धन एकच. एका खिशातल्या पैशाने दुसऱ्या खिशाची हमी घेण्यात सावकाराला नवे असे काय मिळणार? शिवाय एकाने दिलेल्या हमीमुळे ज्यांनी ती दिली नाही त्या सर्वांचे धन गुंतणार. विज्ञानेश्वराने या नियमाला एक वाट ठेवली आहे: सर्वांची परस्पर संमती असेल तर प्रत्यवाय नाही, आणि वाटणी झाल्यानंतर तर मुळीच नाही. म्हणजे नात्यात जामीन राहू नये असे त्याचे सांगणे नाही. ज्यांचे धन धोक्यात पडणार त्यांना विचारल्यावाचून राहू नये, एवढेच आहे.

जामिनाचे प्रकारही स्मृतिकारांनी बारकाईने वेगळे केले. ऋणको वेळेवर हजर होईल एवढ्यापुरता ‘दर्शन’ जामीन. माणूस भरवशाचा आहे असे सांगणारा ‘प्रत्यय’ जामीन. आणि ऋणकोने न दिल्यास मी देईन म्हणणारा ‘दान’ जामीन. पहिले दोघे खोटे ठरले तर त्यांनी स्वतः भरावयाचे, त्यांच्या मुलांनी नव्हे. तिसऱ्याचे देणे मात्र मुलांवरही येते. ‘पोरगा चांगला आहे हो, ओळखीतला आहे’ असे सांगणे आणि ‘पोराने दिले नाही तर माझ्याकडून घ्या’ असे लिहून देणे यांतले अंतर हजार वर्षांपूर्वीही कायद्याला दिसत होते. व्यवहारात मात्र माणसे पहिले बोलण्यासाठी म्हणून जातात आणि दुसरे लिहून देऊन परत येतात.

बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य. दारू, जुगार, विषयसुख यांपायी झालेले कर्ज तेवढे त्यातून वगळलेले. मुंबई इलाख्यात, म्हणजे धारवाड-बेळगावातही, हे कर्तव्य फार कडक अर्थाने लागू केले जात असे. बापाकडून कवडीही मिळालेली नसली तरी मुलाने स्वतःच्या कमाईतून देणे फेडावे, असा तेथील न्यायालयांचा दंडक होता. तो १८६६ मध्ये मोडला. मुंबई सरकारने त्या वर्षी सातवा कायदा करून ठरविले की केवळ मुलगा वा नातू आहे एवढ्याच कारणाने कोणी जातीने जबाबदार होणार नाही. वारसाने जेवढी मालमत्ता हाती आली असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी. विधवेशी विवाह करणाऱ्यावर तिच्या पहिल्या पतीचे कर्ज लादण्याची रूढीही याच कायद्याने संपली. पाश्चात्त्य व्यापाऱ्याने जी ‘मर्यादित जबाबदारी’ कंपनीसाठी मिळविली, तीच मुंबई इलाख्यातल्या ऋणकोच्या मुलाला मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.

हे वर्ष मोठे चमत्कारिक आहे. त्याच १८६६ साली हिंदुस्थानच्या कंपनी कायद्याची नवी, विस्तृत आवृत्ती निघाली. आणि त्याच साली इंग्लंडात कंपनीच्या जन्मापूर्वीच्या देण्यांविषयीचा एक खटला गाजला. तिन्ही गोष्टींमध्ये परस्पर कार्यकारणसंबंध होता असे नव्हे; परंतु तिन्हींच्या पाठीशी जे वातावरण होते, ते समजण्यास कापसाकडे वळले पाहिजे.

धारवाडच्या काळ्या जमिनीत अमेरिकन जातीच्या कापसाची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजली होती आणि ‘धारवाड अमेरिकन’ हे नाव लँकेशायरच्या गिरण्यांना परिचित झाले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक गासडीला सोन्याचे मोल आले. पैसा आला की तो गुंतविण्यासाठी कंपन्याही निघतात. मुंबईत बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या मंडळ्या यांचे पेव फुटले. बॅकबेच्या मंडळीचा पाच हजार रुपये भरलेला भाग दसपटीहून अधिक किमतीला विकला जात होता. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ च्या हिशेबाच्या दिवशी मुंबईच्या सट्ट्याचा डोलारा जमीनदोस्त झाला. ज्यांनी नातलगांच्या, मित्रांच्या भरवशावर भाग घेतले होते वा त्यांच्यासाठी आपले नाव दिले होते, त्यांपैकी पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले की नाव देणे हेही एक देणेच असते.

कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी मर्यादित असू शकते हे तत्त्व हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने आले. बँकांना तर ते १८६० मध्येच मिळाले. तोपर्यंत कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत जवळजवळ मोठी भागीदारीच. भागीदारीत प्रत्येकाचे सर्वस्व गुंतलेले. हे सर्वस्व म्हणजे काय, याचा पडताळा स्कॉटलंडने १८७८ मध्ये घेतला. सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. शंभर पौंडांच्या भागामागे एकूण २,७५० पौंड मागण्यात आले. १,८१९ भागधारकांपैकी २५४ तेवढे दिवाळ्यातून वाचले. त्यांतही एक वर्ग विशेष अभागी होता. नात्यातल्या पोरक्या मुलांसाठी वा विधवांसाठी विश्वस्त म्हणून ज्यांनी भाग आपल्या नावावर घेतले होते, त्यांनी न्यायालयात सांगितले की पैसा आमचा नव्हे, लाभ आमचा नव्हे, आम्ही केवळ नावाचे. १८७९ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने निकाल दिला की नोंदवहीत ज्याचे नाव तोच भागधारक. त्याने आपल्या पदरचे भरावे. या निकालाने कित्येक सज्जन उपकारकर्ते धुळीला मिळाले. निकाल निर्दय होता. चुकीचा होता असे मात्र म्हणवत नाही, कारण ठेवीदारांनी नोंदवही पाहूनच विश्वास टाकला होता.

आता १८६६ च्या त्या इंग्रजी खटल्याकडे येऊ. ग्रेव्हसेंड येथे एक हॉटेल कंपनी काढावयाचे घाटत होते. बॅक्स्टर आदी तिघा प्रवर्तकांनी केल्नर नावाच्या व्यापाऱ्याकडून नऊशे पौंडांचे मद्य घेण्याचा करार २७ जानेवारी रोजी केला आणि ‘नियोजित कंपनीच्या वतीने’ असे लिहून सह्या ठोकल्या. कंपनीची नोंदणी झाली २० फेब्रुवारीला. मद्य प्यायले गेले, कंपनी बुडाली, पैसे राहिले. प्रवर्तक म्हणाले, आम्ही कंपनीच्या वतीने घेतले. न्यायालयाने विचारले, त्या दिवशी कंपनी होती कोठे? जी व्यक्ती जन्मालाच आलेली नाही तिच्या वतीने कोणी सही करू शकत नाही. केली तर ती सही करणाऱ्याचीच. कंपनीने मागाहून ठराव करून हे देणे आपल्या अंगावर घेतले म्हणावे, तर तेही चालणार नाही.

बेलुरात शेड भाड्याने घेताना, यंत्रांची मागणी नोंदवताना, वीजजोडणीची अनामत भरताना कंपनी अजून जन्मास यावयाचीच असते. तेव्हा मदतीस आलेल्या मामाची सही ही मामाचीच. हिंदी कायद्याने या बाबतीत इंग्रजी कायद्याहून थोडी उदार वाट धरली. १९६३ च्या विशिष्ट परिहार कायद्याने असे ठरविले की करार कंपनीच्या प्रयोजनासाठी असेल, तिच्या घटनेत बसत असेल, आणि जन्मानंतर कंपनीने तो स्वीकारून दुसऱ्या पक्षाला तसे कळविले असेल, तर तो कंपनीला व कंपनीविरुद्ध बजावता येईल. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा: कळविले पाहिजे. घरातल्या कंपनीत ठराव होतात ते जेवणाच्या पानावर, आणि कळविण्याचे राहून जाते.

नातलगांनी मिळून काढलेल्या कंपनीचा सर्वांत प्रसिद्ध खटला मात्र लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका बूट-व्यापाऱ्याचा. ॲरन सॉलोमन याचा धंदा तीस वर्षे जोरात चालला होता. मुले हाताशी आली, त्यांना धंद्यात वाटा हवा होता. १८९२ मध्ये सॉलोमनने धंदा कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद हवे होते. घरात ते होतेच. स्वतः, पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे. घरच्या सहाजणांकडे प्रत्येकी एक भाग, बापाकडे २०,००१. किमतीपैकी दहा हजार पौंडांचे कर्जरोखे त्याने स्वतःच्या नावे घेतले. म्हणजे आपल्याच कंपनीचा तो तारणधारी धनको झाला. पुढे बुटांच्या धंद्यात संप झाले, सरकारी मागणी विखुरली, आणि थोड्याच काळात कंपनीचे दिवाळे वाजले. बिनतारणी धनकोंच्या हाती काहीच लागत नव्हते. खालच्या न्यायालयाने म्हटले, ही कंपनी म्हणजे सॉलोमनचाच मुनीम, तेव्हा मालकाने भरावे. अपील न्यायालयानेही घरच्या सहाजणांना बाहुली ठरविले.

लॉर्डांच्या सभागृहात सॉलोमन निष्कांचन म्हणून, फी माफ करून घेऊन उभा राहिला. कंपनी तरावी म्हणून त्याने रोखे दुसऱ्याकडे गहाण टाकून पैसे उभे केले होते, आणि तेही बुडाले होते. १६ नोव्हेंबर १८९६ रोजी लॉर्डांनी एकमताने खालचे निकाल फिरविले. कायद्याला सात सभासद हवेत. ते परके असावेत, त्यांचा वाटा मोठा असावा, त्यांना स्वतःचे मत असावे, असे कायद्यात कोठे लिहिले आहे? कंपनी एकदा विधिवत् जन्मली की ती निराळी व्यक्ती. तिचे देणे तिचे. एका भागाची धनीण असलेल्या मुलीला बापाच्या धंद्याचे देणे लागत नाही, आणि वीस हजार भागांच्या धन्यालाही लागत नाही.

या निकालावर टीका पुष्कळ झाली आणि अजून होते. बुटांचे चामडे उधार देणाऱ्याच्या तोंडचा घास काढून तो घरच्या माणसाला दिला, हा आक्षेप खोटा नाही. परंतु या निकालावाचून घरगुती कंपनी ही वस्तूच संभवली नसती, हेही तितकेच खरे. हिंदुस्थानात १९१३ च्या कायद्याने खासगी कंपनीला दोनच सभासद पुरेसे ठरविले; म्हणजे नवरा-बायको मिळून कंपनी होऊ लागली. १९५६ च्या कायद्याने हेच चालू ठेवले, आणि २०१३ च्या कायद्याने तर एकट्यालाही कंपनी करण्याची मुभा दिली. त्या एकट्याने आपल्या पश्चात सभासद होणाऱ्याचे नाव आधीच द्यावयाचे असते. तेथे पुन्हा नातलगाची सही लागते. मात्र ती निरुपद्रवी. तो प्रत्यक्ष सभासद होईपर्यंत तिच्यापोटी काही देणे लागत नाही.

मराठी मुलखातल्या घरगुती धंद्याने हेच स्थित्यंतर कसे केले, याचे उदाहरण बेळगावचेच आहे. जवळच्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चा आरंभ १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाला. नावातच भाऊ होते. दुकानाचे कारखान्यात रूपांतर झाले, १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० मध्ये त्या नावापुढे ‘लिमिटेड’ हा शब्द लागला. या एका शब्दाने बत्तीस वर्षांचा भावांचा धंदा भावांच्या घरादारापासून कायद्याने वेगळा झाला.

मग मामाला धोका कोठे उरला? पहिल्या सहीत फारसा नाही. घटनापत्रकावर आपल्या नावापुढे जेवढे भाग लिहिले तेवढ्यांची रक्कम भरली की तो मोकळा. फक्त ती रक्कम ‘नंतर पाहू’ म्हणून सोडण्याची नाही. ते कंपनीचे येणे ठरते आणि दिवाळ्याच्या वेळी वसूल होते. नोंदणीच्या कागदांत खोटी माहिती दिली असेल, तर २०१३ च्या कायद्याचे सातवे कलम प्रवर्तक, पहिले संचालक आणि प्रतिज्ञापत्र देणारा वकील वा हिशेबनीस या सर्वांना धरते, आणि सभासदांची जबाबदारी अमर्याद ठरविण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला देते. तेव्हा भाच्याच्या कंपनीसाठी ‘सगळे ठीक आहे’ असे लिहून देणाऱ्या घरच्या चार्टर्ड अकौंटंटाने कागद वाचूनच सही केलेली बरी.

संचालकाची सही यापेक्षा जड. खासगी कंपनीने बुडविलेला प्राप्तिकर संचालकांकडून वसूल करण्याची तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात आली; आपल्या घोर निष्काळजीपणामुळे तो बुडाला नाही हे सिद्ध करण्याचे ओझेही संचालकावरच. न वटलेल्या धनादेशांच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले की नुसते संचालकपद पुरेसे नाही. धंद्याचा कारभार हाती असल्याचे फिर्यादीत दाखविले पाहिजे. नावापुरत्या संचालकाला हा दिलासा होय. पण २०१७ मध्ये वार्षिक विवरणे न भरणाऱ्या कंपन्यांच्या तीन लाखांहून अधिक संचालकांना केंद्र सरकारने अपात्र ठरविले, तेव्हा नावापुरते आणि कामापुरते असा भेद कोणी केला नाही.

आणि तिसरी सही. कंपनीच्या भिंतीला कायद्याने जे दार ठेवले नाही, ते बँकेने जामीनपत्राने पाडून घेतले. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. ‘आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ ही जामीनदाराची स्वाभाविक विनवणी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात नाकारली. धनकोने आधी ऋणकोमागे धावावे असा नियम केला, तर जामिनाचा उपयोगच काय, असा तो युक्तिवाद. सॉलोमनच्या निकालाने जे कवच घराला मिळाले, ते घर स्वतःच बँकेच्या टेबलावर काढून ठेवते. लहान उद्योगाच्या बाबतीत मर्यादित जबाबदारी उरते ती माल उधार देणाऱ्यापुरती. बँकेपुढे तिचा मागमूस नसतो.

या बाबतीत कर्नाटकातूनच गेलेला एक खटला ध्यानात घेण्यासारखा आहे. राज्य वित्तीय महामंडळांना १९५१ च्या कायद्याने मोठा अधिकार दिला होता: कर्ज थकले की न्यायालयात न जाता कारखान्याचा ताबा घ्यावा व विकावा. कर्नाटकाच्या महामंडळाने हाच अधिकार जामीनदारांनी तारण दिलेल्या मिळकतींवर चालविला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तो अधिकार कारखान्यापुरता आहे. जामीनदाराचे घर हा कारखाना नव्हे, त्यावर जावयाचे तर न्यायालयाची पायरी चढली पाहिजे. देणे टळले नाही. परंतु एका दिवसात कुलूप लागण्याची भीती तेवढी टळली.

त्याआधी २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जापुरते मुलाचे धर्मकर्तव्य धनकोला न्यायालयात सांगता येईनासे झाले. विज्ञानेश्वराने सांगितलेला ‘दान’ जामीन आता मुलांच्या स्वतःच्या हिश्शाला धरू शकत नाही. जामीनदाराची स्वतःची मिळकत मात्र पूर्वीइतकीच उघडी. डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारावर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई सुरू झाली, आणि २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. कंपनीची पुनर्रचना मंजूर होऊन तिच्या देण्याचा मोठा भाग माफ झाला, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, असेही त्या निकालात स्पष्ट केले.

करार कायद्याचे १४० वे कलम सांगते की ज्या जामीनदाराने देणे फेडले, तो धनकोच्या जागी येतो आणि मूळ ऋणकोकडून ते मागू शकतो. मामाने भरलेले पैसे भाच्याच्या कंपनीकडून परत मागण्याचा हा हक्क. पण पुनर्रचनेच्या योजनेत हा हक्क संपविणारे कलम घालता येते, आणि असे कलम २०१९ मध्ये एस्सार स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले आहे. तशी योजना मंजूर झाली की मामा बँकेचे देणे लागतो, आणि नव्या धन्याच्या हाती गेलेली कंपनी मामाचे काहीच लागत नाही.